हिरवे कोपरे, लाल मध्य

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर काळी, जड, वाकड्या मानेची एक वस्तू दिसते ना, तोच मी. मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. तुमच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, पण त्या भारदस्त नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, तपासणीच्या खोलीत, माझे आयुष्य गेले. अंगावरचा काळा रंग आता ठिकठिकाणी उडाला आहे. माझ्या बाजूच्या चाकांवर बोटे फिरून फिरून ती गुळगुळीत झाली आहेत.

माझे अंग एका कारखान्यात ओतले गेले. त्याचे मला फारसे काही आठवत नाही. आठवतात ते माझी भिंगे घासणारे आजोबा. ते लाल लेपावर काच फिरवत, उजेडाकडे धरून पाहत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत आणि पुन्हा घासायला बसत. शेजारचा कारागीर वैतागून म्हणायचा, "आजोबा, झालं की आता! काच संपेल अशाने."

"ह्यातून कोण काय बघणार आहे, तुला ठाऊक आहे का?" आजोबा विचारायचे. "मलाही नाही. म्हणून तर घासतोय."

मग मला भुश्शाच्या खोक्यात निजवले, आणि जाग आली ती थेट बाईंच्या हातात.

बाई डॉक्टर होत्या, पण त्यांच्या गळ्यात नळी नसे आणि त्यांच्या दारात रोग्यांची रांगही नसे. आजारी माणसाच्या शरीरातला इवलासा तुकडा त्यांच्याकडे यायचा. तो पाहून नक्की काय बिघडले आहे, हे त्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना सांगायच्या. त्यांनी मला खोक्यातून काढले, पदराने माझे डोळे पुसले आणि शेजारच्या ताईंना म्हणाल्या, "मान जरा वाकडी आहे, पण नजर चांगली दिसतेय."

त्या ताईंना सगळे पातळताई म्हणत. अंगाने त्या चांगल्या भरलेल्या होत्या. नाव पडले ते कामावरून. शरीराचा तुकडा मेणात बसवून त्याचे काप काढायचे, काचेच्या पट्टीवर ठेवायचे आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवायचे, हे त्यांचे काम. काप इतके पातळ निघत, की फुंकर मारली तर उडून जावेत. त्या काप काढत असताना खोलीत कोणी शिंकायचे नाही, असा नियमच होता. बाईंनासुद्धा नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात पळताना मी पाहिले आहे.

मित्रांनो, मी त्वचा पाहिली, हाड पाहिले, फुप्फुस पाहिले. पण मला सर्वांत आवडले ते यकृत. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड बसून ते दिवसरात्र राबते. वरून पाहिले तर तपकिरी गोळा. माझ्यातून पाहिले, तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे. प्रत्येक घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर तीन नळ्या असतात. दोन नळ्या रक्त आणतात. तिसरी पित्त घेऊन जाते. घराच्या मधोमध एक शीर असते. कोपऱ्यांतून आलेले रक्त पेशींच्या रांगांमधून झिरपत मध्याकडे जाते आणि तिथून हृदयाकडे निघते. पेशींनी तयार केलेले हिरवट पिवळे पित्त मात्र उलट, कोपऱ्याकडे निघते आणि पुढे आतड्यात उतरते. एकाच गल्लीतून रक्त आत जाते आणि पित्त बाहेर येते, पण दोघांच्या वाटा वेगळ्या. कधी धक्काबुक्की नाही.

बाई विद्यार्थ्यांना सांगायच्या, "वाट कुठे अडली, ते घरच सांगतं. फक्त कोपरे बघा आणि मध्य बघा. घाई करू नका."

एकदा एक बाळ आले. म्हणजे बाळ वर होते, माझ्याकडे त्याच्या यकृताचा दोऱ्याएवढा तुकडा आला. ती मुलगी होती. जन्मानंतर काही दिवसांनी पिवळी पडली, ती पिवळीच राहिली. घरातले, शेजारचे, सगळे म्हणाले, कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. तिची आई रोज तिला उन्हात घेऊन बसायची. बाळाचे डोळेसुद्धा पिवळे झाले आणि शी मात्र खडूसारखी पांढरी होऊ लागली, तेव्हा ती घाबरून रुग्णालयात आली.

आता प्रश्न असा होता, की यकृताला नुसती सूज आहे, की पित्ताची वाट बंद आहे? सूज असेल, तर औषध देऊन थांबायचे. वाट बंद असेल, तर थांबून चालणार नाही, कारण अडलेले पित्त रोज थोडे थोडे यकृत खात असते. इवल्याशा बाळाचे पोट उगाच फाडायलाही कोणाचा हात धजत नव्हता. मोठे डॉक्टर, म्हणजे मुलांच्या विभागाचे प्रमुख, यांचे मत सुजेकडे झुकत होते.

पहिली पट्टी माझ्याखाली आली. बाईंनी खूप वेळ पाहिले. तुकड्यात धड कोपराच आलेला नव्हता.

"ताई, आणखी आतले काप काढा," बाई म्हणाल्या.

पातळताईंनी मेणाचा ठोकळा उजेडात धरला. "बाई, आत अगदी थोडं उरलंय. पातं जरा घसरलं तर संपलं. पुन्हा त्या लेकराला सुई टोचावी लागेल."

"माहितेय मला. म्हणूनच तुम्हाला सांगतेय. घाई नाही, चहा पिऊन या आधी."

"चहा नको. हात थरथरतो चहाने," ताई म्हणाल्या आणि कामाला बसल्या. त्या वेळी खोलीत शिंक तर सोडाच, श्वासाचा आवाजही नव्हता. पाते फिरले. रेशमाच्या फितीसारखे काप एकामागून एक पाण्यावर तरंगले.

नवी पट्टी आली, आणि या खेपेला कोपरे होते. मित्रांनो, काय झाले होते तिथे! जिथे एखादी नळी असायची, तिथे नळ्याच नळ्या फुटल्या होत्या. दार बंद झालेल्या घरातली माणसे जशी मिळेल त्या फटीतून बाहेर पडायला बघतात, तशा त्या वाट शोधत वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. कित्येक नळ्यांच्या तोंडात हिरवट तपकिरी पित्ताचे बूच बसले होते. पेशी पित्ताने फुगून फिक्या पडल्या होत्या. कोपऱ्याभोवती पांढुरके धागे विणले जाऊ लागले होते. ते धागे वाढले, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचले, की यकृत दगडासारखे कठीण होते. मधली शीर मात्र अजून चांगली होती.

बाईंनी मोठ्या डॉक्टरांना खाली बोलावले. ते आले, चष्मा कपाळावर चढवून माझ्यावर वाकले. त्यांच्या श्वासाने माझी काच दोनदा धुकट झाली.

"हं," ते शेवटी म्हणाले. "बाई, मी आणखी थांबायचं म्हणत होतो."

"बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सर."

"सर्जनला मीच सांगतो. आजच सांगतो."

शस्त्रक्रिया झाली. सुकून दोरीसारखी झालेली बाहेरची नळी काढून सर्जनने आतड्याचा एक भाग थेट यकृताला जोडून दिला. आता पित्ताला वाट सापडते की नाही, हे सांगणारी एकच गोष्ट होती, बाळाची शी. एवढे शिकलेसवरलेले लोक, पण त्या दिवसांत जिन्यावर भेटले की एकमेकांना तेच विचारत. "झाली का?" "झाली, पण पांढरीच." आणि दोघांचे चेहरे उतरत.

मग एका सकाळी सर्जन स्वतः धावत खाली आला. एरवी त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दात काढण्याइतके अवघड. तो दारातूनच ओरडला, "हिरवी झाली!"

"काय हिरवी झाली?" बाई दचकल्या.

"शी, बाई, शी! हिरवीगार!"

पातळताईंनी हातातले सगळे खाली ठेवले आणि डोळ्यांना पदर लावला. बाई हसत होत्या, पण माझे चाक त्यांनी घट्ट धरून ठेवले होते, हे फक्त मला कळले. जगात कोणाच्या शीचे एवढे कौतुक झाले नसेल, मित्रांनो.

पण खोटे कशाला सांगू? प्रत्येक वेळी असे झाले नाही. पुढे असेच आणखी एक बाळ आले. ते फार उशिरा आले होते. माझ्यातून पाहिले, तर घरे उरलीच नव्हती. सगळीकडे धागे आणि त्यांत अडकलेली थोडी थोडी बेटे. बाईंनी पट्टी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग माझा दिवा बंद करून त्या अंधाऱ्या काचेकडे नुसत्याच बघत बसल्या.

मला सर्वांत जास्त आठवतो तो शिंपी.

तो गावातल्या बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान चालवायचा. लोकांच्या कंबरा मोजण्यात त्याचा जन्म गेला आणि मग त्याची स्वतःचीच कंबर वाढू लागली. पोटात पाणी झाले. शिवणयंत्रापुढे बसले, की पोट आडवे येई. पाय सुजले. उजव्या कुशीत दुखू लागले. यकृत बिघडले आहे, एवढे कळले, आणि मग लोकांना बाकीचे कळायला वेळ लागला नाही. यकृत बिघडले म्हणजे दारू! दुकानात कापड फाडता फाडता चोरून घेत असणार.

शिंपी शपथा घेऊन थकला. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने विचारले, "रोज किती घेता?"

"चार कप. कधी पाच."

"कप?"

"चहा हो, डॉक्टर."

तरुण डॉक्टर हसला. आजूबाजूच्या खाटांवरचे लोकही हसले. शिंप्याची बायको पायथ्याशी उभी होती, ती हसली नाही. तिने नवऱ्याशी बोलणेच सोडले होते. वेळेवर डबा आणायची, ठेवायची, भिंतीकडे तोंड करून बसायची. वरच्या मजल्यावरच्या या गोष्टी मला पातळताई सांगत. मला कुठे जिने चढता येतात?

पोटातले पाणी काढून, जपून, त्याच्या यकृताचा तुकडा काढला गेला आणि त्याची पट्टी माझ्याखाली आली. बाईंनी आधी कोपरे पाहिले. कोपरे बरेच ठीक होते. नळ्या जागच्या जागी, पित्त कुठे तुंबलेले नाही. मग त्यांनी पट्टी किंचित सरकवली, आणि मध्य आला.

मध्य लाल होता. नुसता लाल. मधल्या शिरेभोवती रक्ताचे तळे साचले होते. नदीच्या तोंडाशी बांध पडला, की पाणी मागे मागे शेतांत चढते, तसे पेशींच्या रांगांमधल्या वाटा फुगून रुंद झाल्या होत्या. त्यांत चेपून पेशी बारीक झाल्या होत्या, आणि अगदी मध्यातल्या तर गुदमरून मेल्या होत्या. रक्तात बुडाल्या होत्या, पण ताजे रक्त त्यांना मिळत नव्हते.

"ताई, जरा इकडे बघा," बाई म्हणाल्या. "दारूचं यकृत मी कमी पाहिलंय का? त्यात चरबीचे थेंब असतात, पेशी वेगळ्या फुगतात. इथे एक थेंब नाही. हा माणूस पीत नाही."

"मग काय झालंय त्याला?"

"यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा कुठेतरी बंद झाल्यात. गुठळी असणार."

बाईंनी तसे कळवले. शिरांची सोनोग्राफी झाली, आणि खरेच, यकृतातून हृदयाकडे निघणाऱ्या शिरांच्या तोंडाशी रक्त गोठून बसले होते. त्याचे रक्तच मुळी जरा लवकर गोठणारे होते. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात शिंप्याची बायको येऊन उभी राहिली. हातात रिकामा डबा. "वरचे डॉक्टर म्हणाले, दारू नाही म्हणून. कुणी सांगितलं असं त्यांना विचारलं, तर म्हणाले, खालच्या बाईंनी. मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

"ऐकू नका," बाई म्हणाल्या. "बघा. या, बसा इथे."

ती माझ्यापुढे बसली. पहिल्यांदा तिला तिच्याच पापण्या दिसल्या. "केस आहेत का हो हे?" तिने विचारले. मग बाईंनी तिची मान थोडी मागे घेतली, माझे बारीक चाक हळू फिरवले, आणि ती टेबल धरून पुढे वाकली.

"गुलाबी दिसतंय ते चांगलं," बाई सांगू लागल्या. "आणि मधे लाल?"

"खूप लाल आहे."

"ते अडकलेलं रक्त. बाहेर पडायची वाट बंद झाली, म्हणून साचलंय. दारूने असं होत नाही."

ती बराच वेळ पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काचेवर पडले. एरवी मला ओलावा सोसत नाही, पण त्या दिवशी मला त्याचे काही वाटले नाही.

"मी त्यांचे पेले हुंगायचे, बाई," ती म्हणाली. "रोज. ते झोपले की तोंडाशी नाक नेऊन बघायचे. आणि आत हे असं..." मग डोळे पुसून तिने विचारले, "दुखत असेल ना त्यांना खूप?"

"दुखत असणार."

"बोलले नाहीत कधी. आणि बोलले असते, तरी मी कुठे ऐकत होते म्हणा."

ती उठली, डबा उचलला आणि जिन्याकडे गेली. पातळताई काहीतरी निमित्त काढून तिच्या मागोमाग गेल्या. परत आल्या तेव्हा हसूही येत होते आणि रडूही. शिंप्याची बायको म्हणे वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली आणि भाजी विकणारीला लाजवील अशा आवाजात म्हणाली, "ऐका सगळ्यांनी! माझा नवरा पीत नाही! कुणाला शंका असेल त्याने खाली जाऊन बघून यावं!" मग खाटेपाशी स्टूल ओढून बसली आणि हलक्या आवाजात विचारले, "उशी उंच करू का?" शिंपी नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती!

त्याच्या शिरेत बारीक फुगा घालून वाट मोकळी केली गेली आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची सुरू झाली. पाणी ओसरले. काही महिन्यांनी तो स्वतःच्या पायांनी खाली आला, गळ्यात टेप घालून. बाईंना नमस्कार करून म्हणाला, "ह्यांचं माप घ्यायचं होतं."

ह्यांचं म्हणजे माझे! त्याने माझी उंची घेतली, घेर घेतला, आणि म्हणाला, "खांद्यात जरा अवघड अंग आहे." बाई खो खो हसल्या. आठवड्याभरात त्याने जाड निळ्या कापडाचे, कडेला पांढरी पट्टी लावलेले झाकण शिवून आणले. ते अंगावर इतके चपखल बसले, की मला उगाचच ऐट आली.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी बाई यायच्या, झाकण काढायच्या, घडी करून खणात ठेवायच्या. दुपारी खिडकीतून ऊन यायचे आणि काचेच्या पट्ट्यांवर चमकायचे. ताईंचे पाते कुरकुरायचे. कोणाची वाट कुठे अडली आहे, हे आम्ही तिघे मिळून शोधत असू.

मग दिवस पालटले. ताई आधी निवृत्त झाल्या. पाठोपाठ बाईंचीही वेळ आली. शेवटच्या दिवशी समारंभ वर झाला. तो आटोपून त्या एकट्या खाली आल्या, मऊ कापडाने माझी भिंगे एकेक करून पुसली आणि म्हणाल्या, "चल, बाबा." एवढेच. त्यांनी मला प्रथमच हाक मारली होती.

खोलीत नवे यंत्र आले. ते पट्टी स्वतः गिळते आणि चित्र पडद्यावर दाखवते. त्याच्यावर माझा राग नाही. त्याची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे आणि एकच पट्टी दहा जणांना एकदम दाखवता येते, हे चांगलेच आहे. मला वाईट वाटले ते कपाटाचे. मला जिन्याखालच्या ओलसर कपाटात ठेवले, आणि माझे निळे झाकण काढून कोणीतरी छपाईच्या यंत्रावर घातले. त्याला ते नीट बसलेसुद्धा नाही. दमटपणाने माझ्या भिंगांवर बुरशी चढली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. जो दुसऱ्यांच्या यकृतातले धागे बघायचा, त्याच्याच डोळ्यांत धागे वाढले. कित्येक पावसाळे मी तसाच उभा होतो.

मला बाहेर काढले ते विभागात नुकत्याच आलेल्या नव्या डॉक्टर मॅडमनी. विद्यार्थ्यांना हाताने चाक फिरवायला शिकवायचे, तर जुने यंत्रच हवे, असे त्यांचे म्हणणे. दुरुस्तीवाला आला. एक भिंग गेले ते गेलेच. बाकीची त्याने साफ केली. आता मी विद्यार्थ्यांच्या खोलीत, खिडकीजवळ आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे मागणे थोडे आहे. माझे चाक हळू फिरवा. काचेला बोट लावू नका. काम झाले, की मला पुसा, झाका, कोरडे ठेवा. आणि कोणी पिवळे दिसले, कोणाचे पोट सुजले, तर त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी थांबा. आतली कोणती वाट अडली आहे, ते बाहेरून दिसत नाही. त्याला लवकर डॉक्टरांकडे न्या.

परवाच एक विद्यार्थिनी माझ्यापुढे बसली होती. यकृताचीच पट्टी होती. आदल्या दिवशी दाखल झालेल्या एका आजोबांची. तिने कोपरे पाहिले, मध्य पाहिला, वहीत चित्रही काढले. मग मान वर करून तिने विचारले, "मॅडम, हे आजोबा आता कसे आहेत?"

नव्या डॉक्टर म्हणाल्या, "अगं, खरं सांगू? मला ठाऊक नाही."

"मग बघून येऊ या का?"

"चल," त्या म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून उठल्या. दोघी जिन्याकडे निघाल्या. दारातून ती मुलगी मागे वळली, धावत आली, माझा दिवा बंद केला आणि पुन्हा पळत गेली.